चोप वर गेला की

आप्पांनी जन्मभर गाणं पाठीमागून ऐकलं.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वेळापुरात आणि आसपासच्या दहा-बारा गावांत लग्न असो, जत्रा असो, हरिनाम सप्ताह असो नाहीतर निवडणुकीची सभा, कर्णा आप्पांचाच. स्टेजच्या डाव्या अंगाला, कनातीच्या आडोशाला एक पत्र्याची पेटी, तिच्यावर अहुजाचा अँप्लिफायर, खाली लाल-काळे चिमटे लावलेली ट्रॅक्टरची बॅटरी आणि पाटावर मांडी घालून बसलेले आप्पा. गाणाऱ्याचं तोंड लोकांकडं आणि पाठ आप्पांकडं. कुठल्या बुवांच्या सदऱ्याला पाठीवर ठिगळ होतं, कुठल्या शाहिराचा शेमला घामानं पाठीला चिकटला होता, हे त्यांना आजही सांगता येतं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी सतत आवाजाच्या बटणावर. माईकनं शिटी मारायच्या आत ती दोन बोटं डावीकडं फिरायची. घरात जेवताना वादावादी वाढली तरी त्यांची बोटं ताटाच्या कडेवर तशीच फिरायची आणि काकू म्हणायची, ‘झालं, आता आमचा आवाज बारीक करा.’

कायमचे लक्षात राहिलेले कार्यक्रम, असा विषय घेऊन गेल्या आषाढात मी चार दिवस गावी जाऊन राहिलो. पहिला प्रश्न अर्थातच आप्पांना.

‘मी कुठं ऐकलं रं?’ ते म्हणाले. ‘मी खरखर ऐकली. गाणं लोकांनी ऐकलं. त्यांना इचार जा.’

मग लोकांना विचारत फिरलो.

पुण्यात हा प्रश्न विचारला की उत्तराच्या आधी शाल येते. डिसेंबरची थंडी, सवाई गंधर्व महोत्सव, पहाटेचा राग, थर्मासमधला चहा. १९५३पासून चालत आलेल्या त्या महोत्सवाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरे कान असलेले आहेत. वेळापूर वेगळं. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं हे गाव पंढरपूरच्या अलीकडं तीस-पस्तीस किलोमीटरवर, पालखी मार्गावर. नाट्यगृह नाही, तिकीटघर नाही, खुर्चीचा नंबर नाही. मात्र ग्रामदैवत आहे अर्धनारी नटेश्वर. यादवकाळातलं दगडी देऊळ, रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख, आणि देव निम्मा पुरुष, निम्मी बाई, शिवाय नटांचा ईश्वर. ज्या गावाचा देवच असा, त्या गावाला कार्यक्रमाचा नाद नसता तर नवल.

पहिल्या दिवशी सात-आठ जणांशी बोललो. वही उघडून पाहिली तर गाण्यांची नावं जेमतेम तीन. बाकी सगळं दुसरंच. ‘आम्ही बैलगाडीच्या साटीवर बसलो हुतो.’ ‘त्या रात्री माझ्या अंगावर आईची गोधडी हुती.’ ‘पुढं एक लई उंच माणूस बसला हुता, अजून त्याचा राग हाय.’ काय गायलं ते विचारलं की माणूस थांबतो, डोळे बारीक करतो आणि पुन्हा बैलगाडीवर जाऊन बसतो. सुरुवातीला मी वैतागलो. नंतर प्रश्न बदलला. ‘काय ऐकलं?’ विचारायचं सोडलं, ‘कुठं बसला होता?’ एवढंच विचारू लागलो. मग लोक सुटले.

जत्रा चैत्रातली. ऊस तुटून गेलेला, हातात थोडा पैसा, रानात काम कमी. देवाचं लग्न लागतं, छबिना निघतो आणि रात्री तमाशा. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाची आठवण इथूनच सुरू होते. तमाशाचा फड आला की दुपारीच बातमी फुटायची, कारण कनात ठोकणाऱ्यांच्या मागं पोरं लागलेली असायची. पण खरी वर्दी द्यायची ती ढोलकी. दिवस मावळल्यावर ढोलकीवाला शाईवर थाप मारून, हातोडीनं ठोकून ती सुराला मिळवायला बसे. हलगी शेकोटीवर धरली जाई. तो तुटक आवाज शिवारात लांबवर जायचा आणि वस्तीवरची माणसं भाकरी अर्धी टाकून उठायची. एका आजोबांनी मला तो आवाज तोंडानं काढून दाखवला. गाणं आठवेना, ढोलकी मिळवतानाची थाप मात्र जशीच्या तशी.

मला न्यूयॉर्कचा तो प्रसिद्ध किस्सा आठवला. १ ऑगस्ट १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसननं भरवलेला कार्यक्रम. सुरुवातीला रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं लावत होते. वाद्यं लागल्यावर हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुराला लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं रविशंकर मिस्कीलपणे बोलले. आपल्याकडं हा किस्सा परदेशी लोकांच्या अडाणीपणाचा म्हणून सांगतात. वेळापूरच्या आजोबांचं तोंडी ढोलकं ऐकल्यावर मला त्या न्यूयॉर्कवाल्यांचं फारसं काही चुकलं असं वाटेना. वाद्य लागताना पोटात जी कालवाकालव होते, ती कार्यक्रमाचाच भाग आहे.

गण व्हायचा, गवळण व्हायची. गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला मिशीवाला, त्यावर अर्धा तास हशा. मग बतावणी, रंगबाजी आणि उत्तररात्री वग. वगापर्यंत पोरं झोपलेली असत. म्हणूनच माझ्या वडिलांच्या पिढीला बतावण्या पाठ आहेत आणि एकाही वगाचा शेवट ठाऊक नाही.

नाव निघतं ते विठाबाईंचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म पंढरपूरचा, १९३५चा, म्हणून आमच्याकडं त्यांना माहेरवाशिणीसारखं बोलतात. भर खेळात कळा सुरू झाल्या, कनातीमागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकिगत महाराष्ट्राला माहीत आहे. गंमत अशी की गावातल्या चार जणांनी ती मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगितली. चौघांचं गाव वेगळं, चौघांचा महिना वेगळा. त्यांना खोटं पाडायची माझी इच्छा नाही. विठाबाईंना नाचताना पाहिलेला माणूस घरी परतल्यावर त्या रात्रीच्या आठवणीत त्यांच्याबद्दल ऐकलेलं सगळं घालणारच. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावानं राज्य सरकार आता तमाशा कलावंतांना जीवनगौरव देतं. पण आमच्या पारावर त्या कायम तिशीतल्या आहेत.

बायकांना मात्र हे सगळं ऐकीव. तमाशाच्या कनातीत घरातल्या बाईनं जायचं नाही, हा अलिखित कायदा. माझ्या आत्यानं लावणी ऐकली ती घराच्या माळवदावरून, वाऱ्याची दिशा बरोबर असेल त्या रात्री. वारा फिरला की कडवं गेलं. ‘अर्ध्या अर्ध्या लावण्या येत्यात मला,’ ती म्हणाली. पूर्ण लावणी तिनं पाहिली ती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, अकलूजला.

अकलूज वेळापूरपासून दहा-बारा किलोमीटर. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या जयंतीच्या निमित्तानं १९९३ साली जयसिंह मोहिते-पाटील यांनी तिथं राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू केली. मोडनिंब, जामखेड, चौफुला अशा ठिकाणच्या संगीत बाऱ्या तिथं उतरू लागल्या. थिएटरच्या बंद खोल्यांत चार पैसेवाल्या शौकिनांपुढं होणारी बैठकीची लावणी मोठ्या मंडपात, परीक्षकांपुढं, बायकापोरांसमोर आली. संगीत बारी म्हणजे तमाशा नव्हे, हे आमच्या भागातल्याही पुष्कळांना त्या मंडपात कळलं. वग नाही, सोंगाड्या नाही. पेटी, तबला, ढोलकी, दोन-चार जणी, आणि सगळा खेळ गळ्यावर आणि चेहऱ्यावर.

आत्या घरातल्या आणि भावकीतल्या नऊ बायकांबरोबर गेली. जीपमध्ये. घरी काय सांगितलं ते विचारलं तर म्हणाली, ‘खरं सांगितलं. लावणीला चाललोय. म्हणून तर कुणाचा इश्वास बसला न्हाय.’ तिला कोण पहिलं आलं आठवत नाही. आठवते ती एक मध्यमवयीन, जाडजूड बाई. ती उठलीच नाही. गुडघा मुडपून बसली आणि एकच ओळ गात राहिली. पहिल्यांदा लटका राग, मग आर्जव, मग थट्टा, मग एकदम पोटातून काहीतरी. ‘शब्द त्येच,’ आत्या म्हणाली आणि ओसरीवर बसून तिनं मला ते दाखवलं. सत्तरीच्या बाईनं पदर सावरला, मान किंचित कलती केली आणि नुसत्या भुवईनं दोनदा ‘नको’ म्हटलं. पहिला नको म्हणजे ये, दुसरा नको म्हणजे खरंच नको. मी वहीत काय लिहिणार? शेजारी बसलेली सूनबाई शेंगा सोलायची थांबली होती.

आमच्या जिल्ह्याला याचं एवढं अप्रूप का वाटावं, असंही मनात येतं. शाहीर राम जोशी सोलापूरचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी फडासाठी लावण्या रचल्या आणि पुढं त्याच गळ्यानं कीर्तनं केली. व्ही. शांताराम यांनी १९४७ साली त्यांच्यावर चित्रपट काढला तेव्हा तो घरोघरी पोचला. कीर्तन एका गल्लीत आणि तमाशा दुसऱ्या गल्लीत, ही वाटणी लोकांच्या डोक्यात आहे, कानात नाही. आप्पांचा कर्णा तर दोन्हीकडं तोच. सप्ताहाला जाताना काकू त्याला हळदकुंकू लावायची, एवढाच फरक.

मुंबईची आठवण सांगणारा गावात एकच सापडला, माझा मामेभाऊ. १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन नाचला तेव्हा हा अंधेरीतच एका कारखान्यात कामाला होता. तिकीट परवडणारं नव्हतं. आत्यानं माळवदावरून लावणी ऐकली तसा यानं भिंतीबाहेरून मायकेल जॅक्सन ऐकला. ‘गाणं कळलं न्हाय. पण भित्त हालत हुती, दादा. हात लावून बघितला.’ एवढीच त्याची आठवण, आणि ती तो गेली जवळजवळ तीस वर्षं सांगतोय.

पोरांची पिढी वेगळी. एकानं गौतमी पाटीलचं नाव घेतलं, तेवढ्यात दुसऱ्यानं मी आप्पांचा पुतण्या आहे हे लक्षात आणून देण्यासाठी त्याला कोपर मारलं. त्यात लाजायचं काय होतं ते मला कळलं नाही. माझी पुतणी नवी मुंबईत नोकरी करते. ती जानेवारी २०२५मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेला गेली होती. तिच्या फोनमध्ये सगळं होतं. आप्पा चष्मा लावून बघत बसले. गेटवर प्रत्येकाच्या मनगटात एक पट्टा घालतात, गाण्याबरोबर सगळ्या स्टेडियमचे पट्टे एकदम पेटतात, एकदम रंग बदलतात.

‘पेटवतं कोण?’ आप्पांनी विचारलं.

‘कंट्रोल असतो आजोबा, लांबून.’

‘सगळ्यांच्या हातावर एकाचाच कंट्रोल?’

‘हो.’

‘मग आमच्यात चोपदार असतो,’ आप्पा म्हणाले आणि फोन परत दिला.

चोपदाराकडं येण्याआधी भजनाबद्दल थोडं. गावातल्या भजनी मंडळाचे पखवाजवाले साठीचे आहेत, ऊस आणि दोन म्हशी. त्यांच्या लक्षात राहिलेला कार्यक्रम पंढरपुरातला, भीमसेन जोशींची संतवाणी. साल आठवत नाही, वाळवंटाकडून येणारा वारा आठवतो. राम फाटक आणि श्रीनिवास खळे यांनी चाली बांधलेले अभंग पंडितजींनी गावोगाव नेले हे खरं. जे अभंग आजोबा-पणजोबा टाळ कुटत म्हणायचे तेच असे आभाळाला भिडलेले ऐकून पखवाजवाले रडले. परत येऊन आठ दिवस त्यांनी पखवाजाला हात लावला नाही. मी म्हणालो, निराश झालात? ‘न्हाय हो. त्ये ऐकायचं हाय, ह्ये म्हणायचं हाय. दोन्ही येगळं. पण आठ दिवस लागलं समजाया.’ हे सांगताना ते पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत होते. लिंबाएवढा गोळा, पाण्याचं बोट, तळहातानं दाबून गोल पसरायचा. थाप मारायची, ऐकायचं, कडेचं थोडं खरवडायचं, पुन्हा थाप. खर्ज हवा तसा लागेपर्यंत त्यांनी माझ्या पुढच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

ही तयारी दुसऱ्या दिवसासाठी होती. दुसऱ्या दिवशी माऊलींची पालखी वेळापुरात येणार होती.

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढी एकादशीच्या साधारण चार दिवस आधी माळशिरसहून निघून वेळापूरला मुक्कामाला येते. आजचं तिचं रूप एकोणिसाव्या शतकातलं, शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी बसवलेलं. शिस्त फौजेची, गळा वारकऱ्याचा. रथापुढं सत्तावीस दिंड्या, मागं शेकड्यांनी. प्रत्येक दिंडीची मांडणी तीच. पुढं पताका, मग दोन्ही अंगांनी टाळकऱ्यांच्या ओळी, मधोमध पखवाज, विणेकरी, आणि मागं डोक्यावर तुळस नि पाण्याची घागर घेतलेल्या बाया. सकाळच्या काकड्यापासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत काय कधी म्हणायचं तेही ठरलेलं, वाराचे अभंग वेगळे.

बाहेरचा माणूस याला मिरवणूक म्हणतो. मी लहानपणापासून रस्त्याच्या कडेला उभं राहून ऐकत आलोय, आणि मला हा जगातला सगळ्यात अजब कार्यक्रम वाटतो. इथं ऐकणारा उभा असतो आणि गाणं चालत जातं. एका जागी उभं राहा. डावीकडून एक दिंडी येते, तिच्या अभंगाचं धृपद मिळतं न मिळतं तोच ती पुढं सरकते. तिचे टाळ उजव्या कानात विरत असताना पुढच्या दिंडीचा पखवाज डाव्या कानात शिरतो, लय वेगळी, चाल वेगळी. मधे दहा-पंधरा पावलांचं अंतर. तिथं दोन्ही गाणी एकमेकांत मिसळतात आणि नुसता गजर उरतो. पूर्ण अभंग ऐकायचा तर एकच उपाय, चालू लागायचं. माझ्या माहितीतले कितीतरी वारकरी असेच वारकरी झाले. धृपद राहिलं म्हणून दहा पावलं गेले, ते पंढरपुरालाच पोचले.

वेळापूरच्या अलीकडं, खुडूसचं गोल रिंगण झाल्यावर, धावाबावीचा माळ लागतो. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून इथं धावा. पण धाव्याच्या आधी भारूड. थकलेल्या, पावलं सुजलेल्या माणसांसमोर उघड्या माळावर नाथांची भारुडं रंगतात. ना पडदा, ना स्टेज. एखादा टाळकरी उपरणं डोक्यावरून घेतो आणि बाई होतो, काठी उलटी धरतो आणि जोशी होतो. विंचू चावतो तेव्हा चावलेला माणूस असा काही लोळतो की पुढची रांग मागं सरते. सोळाव्या शतकातल्या एकनाथांनी ही सगळी सोंगं गावातल्याच माणसांवरून उचलली. गोंधळी, वासुदेव, भुत्या, जोगवा मागणारी. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी भारूड करतात तेव्हा मंचावर उभ्या राहूनही हाच माळ उभा करतात.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना आप्पांच्या खांद्यावरून हे भारूड पाहिलं. हसून हसून पोट दुखत होतं. आणि मग काय झालं कळलं नाही, कुणीतरी तुकोबांचं नाव घेतलं आणि सगळा माळ उताराला लागला. आप्पांनी मला खाली ठेवलं आणि हात धरून ओढत नेलं. म्हातारे, बाया, पखवाज गळ्यात अडकवलेले, सगळे पळत होते. पायाखाली पाहिलं तेव्हा माझी एक चप्पल नव्हती. परत फिरायचं तर समोरून हजारो माणसं येत होती. धावा संपल्यावर आप्पांनी माझी दुसरी चप्पलही काढली आणि रस्त्याकडंच्या लिंबाला टांगून ठेवली. ‘ज्याला एक घावली त्याला दुसरी लागंल,’ म्हणाले.

गेल्या आषाढात मी पुन्हा त्या माळावर गेलो. आता मार्ग रुंद झालाय, गाड्यांची रांग मोठी, हातोहाती मोबाईल. भारुडातल्या बाईनंही मोबाईल कानाला लावून विठ्ठलाशी बोलायचं सोंग काढलं आणि नेटवर्क जात-येत असल्याचं नाटक केलं. नाथांना हे आवडलं असतं असं माझं प्रामाणिक मत. सोबतच्या एका बुजुर्गांना मात्र ते बिलकूल रुचलं नाही.

२०२० आणि २०२१ साली यातलं काही नव्हतं. माऊलींच्या पादुका एसटी बसनं थेट गेल्या. गावातल्या कित्येकांनी मला ‘लक्षात राहिलेला कार्यक्रम’ म्हणून तीच गोष्ट सांगितली, न झालेली वारी. आमच्या शेजारच्या काकी त्या संध्याकाळी सवयीनं पिठलं-भाकरी करत राहिल्या. दरवर्षी एक दिंडी त्यांच्या परड्यात उतरते. शेवटी ती गल्लीत वाटली. ‘रातभर झोप न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘टाळाच्या आवाजात झोपायची सवय वो.’

आता तळावर.

संध्याकाळी पालखी तळावर येते तेव्हा सगळ्या दिंड्या भोवती गोलाकार उभ्या राहतात. समाजआरती. सगळे टाळ एकाच वेळी वाजत असतात. तो आवाज ऐकू येत नाही, अंगावर येतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. मग चोपदार पालखीपाशी उभा राहतो आणि हातातला चोप वर उचलतो.

आणि टाळ थांबतात. सगळे. हळूहळू नव्हे, पाणी तोडल्यासारखे.

माईक नाही, शिटी नाही, हातवारे नाहीत. एक दंड वर गेला आणि हजारो माणसं गप्प. एवढी की लांबच्या टँकरमधून पडणारं पाणी ऐकू येतं, पताकांची फडफड ऐकू येते. या शांततेत हरवलं-सापडलं सांगतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी. उद्या कधी निघायचं ते सांगतात. मग आरती.

एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ थांबत नाहीत, ही या पद्धतीतली सगळ्यात शहाणी गोष्ट. सगळा समाज गप्प आणि एका कोपऱ्यातून टाळांचा गजर चालूच. मग चोपदार त्या दिंडीकडं जातो, काय अडचण ती ऐकतो. मार्ग निघाला की टाळ थांबतात. अर्ज नाही, निवेदन नाही, घोषणा नाही.

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. गुडघ्यांमुळं आता त्यांनी स्पीकरचा धंदा भाच्याकडं दिलाय. टाळांचा कल्लोळ चालू असताना त्यांनी माझ्या कानाला तोंड लावलं आणि तीन दिवसांपूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. तुटक तुटक, ओरडून. त्यांच्या तरुणपणी एकदा तळाच्या कडेला एका मंडळाच्या अन्नदानासाठी त्यांनी कर्णा लावला होता. पाऊस झालेला. संध्याकाळी लाईट गेली, बॅटरी भिजलेली. पेटी बंद, आणि ते नुसते बसलेले. त्यांना आठवेना की कार्यक्रमाला जाऊन आपण असे रिकामे कधी बसलो होतो. तेवढ्यात चोप वर गेला, टाळ थांबले, आणि एका दिंडीचे चालू राहिले. पाण्याची तक्रार होती म्हणे. वीस-पंचवीस टाळ आणि एक पखवाज, बाकी सगळा तळ गप्प. एवढ्या माणसांत एवढ्याच टाळांचा आवाज.

‘खरखर न्हवती,’ आप्पा ओरडले. ‘मधी काय न्हवतंच.’

‘मग?’

‘मग लाईट आली. माझा कर्णा घूंऽऽ करून वराडला. सगळा तळ माझ्याकडं बघाया लागला. चोपदारसुदिक.’

मी हसलो. ते हसले नाहीत, समोर बघत होते. पालखीपाशी हालचाल झाली. चोप वर गेला आणि सगळे टाळ तुटले. या वेळी एकाही दिंडीची तक्रार नव्हती.

माझी नजर खाली गेली. आप्पांचा उजवा हात धोतराच्या बाजूला लोंबत होता आणि अंगठा नि तर्जनी हवेतल्या हवेत डावीकडं फिरत होती.